सुरतच्या हिरे उद्योगातील मंदी हजेरीपटावर का उमटत नाही?

जगभरात विकल्या जाणाऱ्या दर दहा पैलूदार हिऱ्यांपैकी सुमारे नऊ हिऱ्यांना भारतात पैलू पाडले जातात. त्यातील बहुतांश काम गुजरातमधील सुरत शहरात होते. या व्यवसायाने अलीकडच्या काळात मोठी घसरण अनुभवली आहे. २०२२-२३ या आर्थिक वर्षात देशातून सुमारे २२ अब्ज डॉलर मूल्याच्या पैलूदार हिऱ्यांची निर्यात झाली होती. २०२३-२४ मध्ये ती सुमारे १६ अब्ज आणि २०२४-२५ मध्ये सुमारे १३ अब्ज डॉलरवर आली. म्हणजेच दोन वर्षांत निर्यातमूल्य जवळपास ४० टक्क्यांनी घटले.

एखाद्या उद्योगाची निर्यात एवढी घटली की कामगार कपातीच्या नोटिसा, टाळेबंदी आणि बेरोजगारांच्या वाढत्या नोंदी दिसतील, अशी अपेक्षा असते. सुरतमध्ये मात्र अनेक ठिकाणी कारखान्याचे दार उघडे असते, कारागीर आपल्या जागेवर बसलेला असतो आणि तरीही त्याच्या घरखर्चाची तोंडमिळवणी होत नाही. या विसंगतीचे कारण या व्यवसायातील मजुरीच्या पद्धतीत आहे.

मागणी का आटली?

या घसरणीमागे एकच कारण नाही. रशिया हा कच्च्या हिऱ्यांचा जगातील सर्वांत मोठा उत्पादक असून जागतिक उत्पादनात त्याचा वाटा सुमारे एक तृतीयांश आहे. युक्रेन युद्धानंतर जी-७ राष्ट्रांनी १ जानेवारी २०२४ पासून रशियातून थेट येणाऱ्या हिऱ्यांवर बंदी घातली. त्याच वर्षी मार्चपासून अन्य देशांत पैलू पाडलेल्या मोठ्या रशियन हिऱ्यांनाही टप्प्याटप्प्याने ही बंदी लागू झाली. चीनमधील मागणी मंदावली. तयार मालाचे साठे इतके वाढले की, १५ ऑक्टोबर ते १५ डिसेंबर २०२३ या दोन महिन्यांत कच्च्या हिऱ्यांची आयात स्वेच्छेने थांबवण्याचे आवाहन खुद्द उद्योग संघटनांनीच केले.

दुसरीकडे, प्रयोगशाळेत तयार होणाऱ्या हिऱ्यांनी बाजाराचे गणित बदलले. रासायनिक व भौतिक गुणधर्मांत नैसर्गिक हिऱ्यासारखाच असलेला हा हिरा कित्येक पटींनी स्वस्त पडतो. सुरतमध्येही त्याचे उत्पादन मोठ्या प्रमाणावर होते आणि त्याला पैलू पाडणारे हातही तेच आहेत. त्यामुळे काही कारागिरांना पर्यायी काम मिळाले. परंतु उत्पादन वाढताच या हिऱ्यांचे भावही कोसळले आणि या पर्यायी कामातील मजुरीही त्या दबावातून सुटली नाही.

त्यानंतर अमेरिकेच्या आयातशुल्काचा प्रश्न उभा राहिला. अमेरिका ही भारतीय पैलूदार हिऱ्यांची सर्वांत मोठी बाजारपेठ आहे. सुट्या पैलूदार हिऱ्यांवर तेथे पूर्वी शुल्क नव्हते. एप्रिल २०२५ मध्ये १० टक्के, ऑगस्टच्या आरंभी २५ टक्के आणि २७ ऑगस्ट २०२५ पासून ५० टक्के, असे ते वाढत गेले. सणासुदीच्या मागण्या नोंदवल्या जाण्याच्या काळातच ही वाढ झाली.

नगावर मजुरी

सुरतमध्ये हिरे कारागिराला ‘रत्नकलाकार’ म्हणतात. अमरेली, भावनगर, जुनागढ, बोटाद अशा सौराष्ट्रातील जिल्ह्यांमधून आलेली कुटुंबे या व्यवसायात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. वराछा, कतारगाम, कापोद्रा या भागांत त्यांची दाट वस्ती आहे. शहरातील रत्नकलाकारांची संख्या आठ ते दहा लाख असल्याचे सांगितले जाते. मात्र हा अंदाज आहे, नोंदणीवरून आलेला आकडा नव्हे.

गोल घाटाच्या हिऱ्याला साधारणतः ५७ पैलू असतात. हिऱ्याचा वरचा भाग, तळ, माथ्यावरचे सपाट पृष्ठ अशी कामे वेगवेगळ्या कारागिरांत विभागलेली असतात. ‘घंटी’ नावाच्या फिरत्या चकतीवर एकेक पैलू घासला जातो. काही मोठ्या कंपन्यांत मासिक वेतन असले, तरी बहुसंख्य कारागिरांना नगावर मजुरी मिळते. जितके हिरे पूर्ण, तितके पैसे.

उदाहरणादाखल, दिवसाला ३० नग पूर्ण करणाऱ्या कारागिराला मंदीत १८ नगच मिळाले, असे समजू. त्याची कमाई ४० टक्क्यांनी घटते. परंतु तो कामावर हजर आहे, त्याला काढून टाकलेले नाही आणि मजुरीचा दरही कागदावर तोच आहे. मालकाने कामगार कपात केली नाही आणि कारागिराने नोकरी गमावली नाही. तरीही महिनाअखेरीस घरात येणारी रक्कम पूर्वीच्या ६० टक्क्यांवर आलेली असते.

लहान कारखानदाराची स्थितीही फारशी वेगळी नाही. अनेक कारखाने स्वतःच्या मालकीचे हिरे घडवत नाहीत. व्यापाऱ्याने दिलेल्या पुडीतील माल मजुरीवर घडवून परत देतात. व्यापाऱ्याच्या खर्चात कच्च्या हिऱ्याचा वाटा सर्वांत मोठा असतो आणि त्याचा भाव खाणकंपन्या व आंतरराष्ट्रीय बाजार ठरवतात. त्यामुळे मंदी आली की व्यापारी माल देणे कमी करतो आणि तोटा पुढे सरकत सरकत अखेरीस घंटीवर येऊन थांबतो.

सुट्टीच्या रूपातील मंदी

मंदीचे दुसरे दृश्य रूप म्हणजे लांबलेली सुट्टी. दिवाळीत कारखाने काही आठवडे बंद राहणे ही सुरतची जुनी रीत आहे. कारागीर सहकुटुंब गावी जातात. मंदीच्या वर्षी ही सुट्टी लवकर लागते आणि उशिरा संपते. आठवड्याचे कामाचे दिवस व रोजचे तासही कमी होतात. ऑगस्ट २०२४ मध्ये एका अग्रगण्य कंपनीने सुमारे ५० हजार कर्मचाऱ्यांना दहा दिवसांची सुट्टी दिली. त्या काळासाठी काही रक्कम देण्याचेही तिने जाहीर केले होते. नगावर काम करणाऱ्याला लहान कारखान्यात अशी हमी क्वचितच मिळते.

रोजगाराची पाहणीही ही स्थिती सहज टिपत नाही. सरकारच्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणात चालू साप्ताहिक स्थितीनुसार, मागील सात दिवसांत एखाद्या दिवशी किमान एक तास काम केलेली व्यक्ती रोजगारात गणली जाते. प्रत्यक्ष कामाचे तासही या पाहणीत नोंदवले जातात, परंतु चर्चेत येतो तो बेरोजगारीचा दर. आठवड्यात तीन दिवस अर्धवेळ घंटीवर बसलेला रत्नकलाकार त्या दरात दिसत नाही.

मदत का पोहोचत नाही?

कायद्यात संरक्षणाची तरतूद आहे. किमान ५० कामगार असलेल्या कारखान्यात, काम देता न आल्यास हजेरीपटावरील पात्र कामगाराला निम्म्या वेतनाइतकी भरपाई देय ठरते. कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत, नोकरी गमावलेल्या विमाधारकाला सरासरी वेतनाच्या ५० टक्के भत्ता कमाल ९० दिवस मिळू शकतो. परंतु पहिल्या तरतुदीसाठी हजेरीपटावर नाव आणि दुसरीसाठी विम्याची नोंद हवी. लहान कारखान्यांतील अनेकांकडे वेतनचिठ्ठी नसते आणि ओळखपत्रही नसते.

गुजरात सरकारने मे २०२५ मध्ये रत्नकलाकारांसाठी साहाय्य जाहीर केले. ३१ मार्च २०२४ नंतर काम गमावलेल्या पात्र कारागिरांच्या मुलांचे वार्षिक १३,५०० रुपयांपर्यंतचे शालेय शुल्क सरकारने भरावे, अशी ही योजना आहे. २००८-०९ च्या मंदीत अनेक कुटुंबे गावी परतली आणि मुलांच्या शाळा सुटल्या. तो अनुभव पाहता या मदतीचे मोल मोठे आहे. तथापि पूर्वी काम होते आणि आता ते गेले, हे दोन्ही सिद्ध करावे लागते. ज्याचे काम गेले नाही, केवळ आटले, त्याचा अर्ज या चौकटीत बसणे कठीण आहे.

मुंबईशी असलेला धागा

या उद्योगाचे हात सुरतमध्ये असले, तरी व्यापाराचे मोठे केंद्र मुंबईत आहे. वांद्रे-कुर्ला संकुलातील भारत डायमंड बोर्समधून हिऱ्यांची प्रचंड उलाढाल होते, तर अंधेरीच्या सीप्झमध्ये निर्यातीसाठी हिरेजडित दागिने घडतात. अमेरिकी शुल्काची झळ तेथील कारागिरांनाही बसली. सुरतमध्ये १७ डिसेंबर २०२३ रोजी साडेचार हजारांहून अधिक कार्यालयांच्या भव्य हिरे बाजाराचे उद्घाटन झाले. इमारत उभी राहिली, पण ती ज्या व्यापारासाठी होती तो त्याच सुमारास आक्रसत होता.

परदेशातील मागणी सावरली, तर घंट्या पुन्हा पूर्ण वेळ फिरतील. मात्र मजुरीची पद्धत आणि नोंदींची अवस्था तशीच राहिली, तर पुढील मंदीतही हेच घडेल. प्रत्येक कारागिराला ओळखपत्र व मजुरीची लेखी नोंद देणे आणि मदतीसाठी नोकरी गेल्याचा दाखला न मागता कमाईतील घट हा निकष मानणे, या दोन गोष्टींना परदेशी बाजाराची वाट पाहावी लागत नाही. हिऱ्याचे वजन कॅरेटच्या शंभराव्या भागापर्यंत नोंदवणाऱ्या उद्योगाला आपल्या कारागिराच्या कामाचे दिवस मोजणे अशक्य नाही.