रस्ते एकमेकांना भेटतात का?

तालुक्याचे गाव वाढू लागले की आपण म्हणतो, गाव फार पसरले. पण पसरण्याइतकीच आणखी एक गोष्ट पाहायला हवी : नवे रस्ते एकमेकांना मिळतात की नाही?

हे मोजायला अगदी सोपं आहे. प्रत्येक नाक्यावर आणि रस्त्याच्या टोकाशी किती वाटा फुटतात ते पाहायचे. चौकात चार, तिठ्यावर तीन, बंद गल्लीच्या शेवटी एक. त्यांची सरासरी काढा. ती जितकी कमी, तितकी वस्तीची जोडणी तुटकी. शिक्षकांनी मुलांकडून हे अवश्य करून घ्यावे. भूगोल होतो आणि गणितही.

अमेरिकेत मोटारी वाढल्या तशा बंद गल्ल्याही वाढल्या. न्यू जर्सीमधल्या रॅडबर्न वसाहतीत १९२९ साली त्या मुद्दाम आखल्या. हेतू चांगला होता, मुलांना मोटारींपासून जपायचे होते. पायी चालणाऱ्यांसाठी तिथे वेगळ्या वाटाही ठेवल्या होत्या. पुढे अनेकांनी गल्ल्या तेवढ्या उचलल्या नि पायवाटा विसरले! पाठीला पाठ लागलेले घर, पण जायचे तर लांबचा वळसा. संशोधकांच्या मोजणीप्रमाणे ही तऱ्हा १९९४ च्या सुमारास शिगेला पोचली आणि मग ओसरू लागली.

आपल्याकडे कारण निराळे आहे. शेताची पट्टी लांब, अरुंद. मालक मधून रस्ता सोडतो आणि गुंठ्यागुंठ्याने जमीन विकतो. रस्ता बांधाशी संपतो. शेजारीही तेच करतो, पण त्याचा रस्ता चार हात बाजूला. मग आगीचा बंब आत वळत नाही, आणि पलीकडच्या आळीतली शाळा गाठायला पोरांना हमरस्त्यावर यावं लागतं. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने असे भूखंड नियमित करता येतात. पण बांधावर तुटलेला रस्ता त्याने आपोआप जुळत नाही.

याला तोड जुनीच आहे. १९१५ च्या नगररचना कायद्याने सर्वांच्या जमिनी एकत्र धरून आधी रस्ते आखता येऊ लागले. उरलेली जमीन नीट भूखंड पाडून मालकांना परत द्यायची. मुंबईत खारचे क्रमांकाचे रस्तेही असेच आधी आखलेले. तिथे बंगले जाऊन उंच इमारती आल्या, रस्ते मात्र जागच्या जागी आहेत.

पहिला गुंठा विकण्याआधी दोन शेजाऱ्यांनी बांधावर उभे राहून रस्त्याची रेघ एक केली, तर दोघांची थोडी थोडी जमीन जाते. नंतर तीच रेघ जुळवायची म्हटली, की कुणाचे तरी घर पाडावे लागते.