घरच्या गॅरेजमधली स्पोर्ट्स कार

लंडनच्या हॉर्न्सी भागातल्या आपल्या कारखान्यातून कॉलिन चॅपमन यांनी १९५७ साली लोटस सेव्हन ही छोटी स्पोर्ट्स कार बाजारात आणली. तयार गाडी घेतली तर ब्रिटनमध्ये तिच्यावर खरेदी कर बसे. सुटे भाग घेऊन घरी जोडले, तर तो वाचे. हौशी मंडळी गॅरेजमध्ये पाने घेऊन उतरली, त्यामागे या कराचा मोठा हात होता. १९७३ मध्ये व्हॅट आला आणि ती सवलत संपली. हौस मात्र संपली नाही. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले आणि तिची सेव्हन आजही सुट्या भागांत मिळते.

पहिल्यांदा गाडी जोडणाऱ्याला धास्ती असते ती इंजिनाची. पण ते बहुधा तयारच येतं. खरं शिक्षण मिळतं ते सांगाड्याकडे बघताना. चार कांबींचा चौकोन कोपऱ्यांत कितीही पक्का केला तरी जोर लावल्यावर तिरपा होऊ पाहतो. त्यात एक तिरकी कांब टाकली की दोन त्रिकोण होतात, आणि बाजूची लांबी बदलल्याशिवाय त्रिकोणाचा आकार बदलत नाही. पत्र्याच्या शेडची कैची याच तत्त्वावर उभी असते. म्हणून सेव्हनच्या बारीक, पोकळ नळ्या पुरतात आणि मूळ गाडीचं वजन ५०० किलोच्या आसपास राहतं. अडचण येते ती माणसं बसतात तिथे, कारण वरची बाजू उघडीच ठेवावी लागते. तिथे रिव्हेट मारून बसवलेला ॲल्युमिनियमचा पत्रा तिरक्या कांबीचं काम करतो. एक चाक खड्ड्यात गेल्यावर सांगाडाच पिळवटला, तर कितीही महाग स्प्रिंग लावून उपयोग नाही.

मग येतात बोल्ट. घट्ट आवळलेला बोल्ट किंचित ताणला जातो आणि त्या ताणामुळेच दोन भाग एकमेकांवर दाबून राहतात. पान्याने लावलेल्या जोरातला साधारण दहावा हिस्साच या ताणात जातो. बाकीचा आट्यांतल्या आणि डोक्याखालच्या घर्षणात खर्ची पडतो. त्यामुळे कोरड्या आट्यांसाठी दिलेला जोराचा आकडा तेलकट आट्यांवर वापरला, तर बोल्ट गरजेपेक्षा जास्त ताणला जातो. टॉर्क रेंचचा ‘कट्’ आवाज आला म्हणजे काम झालं, असं समजू नये. सस्पेन्शनच्या रबरी बुशांचे बोल्ट तर गाडी जॅकवर असताना शेवटचे आवळायचेच नाहीत. चाकं लोंबकळत असताना ते आवळले, तर गाडी खाली उतरवताच रबर पिळलेल्या अवस्थेत अडकतं आणि लवकर फाटतं. आधी गाडी स्वतःच्या वजनावर उभी राहू द्यायची, मग आवळायचं.

माझ्या मते या सगळ्या कामात सर्वांत जास्त जीव ओतावा तो ब्रेकमध्ये. द्रव दाबला जात नाही, हवा दाबली जाते; नळीत बुडबुडा राहिला की पायाचा जोर त्यालाच दाबण्यात जातो आणि पेडल मऊ लागतं. हवा काढायला दोघं लागतात. एक जण आत बसून पेडल दाबून धरतो, दुसरा चाकापाशी हवा सोडायचं निपल जरासं सैल करतो. पारदर्शक नळीतून बुडबुडे बाटलीत येतात. निपल बंद झाल्यावरच पेडल सोडायचं, नाहीतर हवा परत आत ओढली जाते. सहसा सुरुवात पेडलपासून सर्वांत लांबच्या चाकापासून करतात. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ जातीचं नवं तेल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा शिरला की ही मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. उतारावर सतत ब्रेक दाबल्यावर तेल उकळलं, तर नळीत वाफ तयार होते आणि पेडल थेट खाली जातं. कपाटातला जुना, अर्धवट उघडा डबा वापरण्याचा मोह टाळावा, तो याचसाठी.

घरी जोडलेली अशी गाडी ब्रिटनमध्ये रस्त्यावर आणायची, तर सरकारी निरीक्षक ती स्वतः तपासतो. तो ब्रेकची ताकद मोजतो, दिव्यांची जागा पाहतो, आणि पादचाऱ्याला लागेल अशी एखादी धारदार कड राहिली असेल तर तीही हुडकून काढतो.