कुत्र्याचं नाक आणि आपली लाज



मागे एकदा गटाची बैठक संपली, हप्ते जमा झाले, आणि एकीने मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. कुत्रा ओळीने ठेवलेल्या बाटल्या हुंगतो आणि कॅन्सर ओळखतो! सगळ्या हसलो. तेवढ्यात एक काकू म्हणाल्या, "असा कुत्रा आपल्या गावात आला तर बरं होईल गं. त्याच्यापुढे कपडे काढावे लागत नाहीत."

हसू तिथेच थांबलं. काकूंच्या छातीत दिवाळीपासून गाठ होती. घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यांच्या परवानगीनेच आज हे सांगतो आहोत.

तर आधी कुत्र्याचं बघू. हे खोटं नाही. १९८९ साली लंडनच्या डॉक्टरांनी एका बाईची हकिकत छापली. तिचा कुत्रा तिच्या पायावरचा एकच तीळ सारखा हुंगायचा, एकदा तर चावून काढायला गेला. तपासलं तर तो त्वचेचा कॅन्सर निघाला.

असं कसं होतं? कॅन्सरच्या पेशींचं काम बिघडलेलं असतं. त्यातून काही वेगळे पदार्थ तयार होतात आणि लघवीतून, श्वासातून बाहेर पडतात. आपल्याला तो वास येत नाही. कुत्र्याचं नाक मात्र आपल्यापेक्षा कितीतरी पटींनी तीक्ष्ण. शिकवताना त्याला नमुने हुंगायला देतात. बरोबर नमुन्यापाशी बसला की खाऊ मिळतो. म्हणजे कुत्रा बाईला हुंगत नाही, बाटलीतला नमुना हुंगतो.

२००४ मध्ये इंग्लंडमध्ये सहा कुत्र्यांची परीक्षा घेतली. लघवीचे सात नमुने, त्यातला एक मूत्राशयाच्या कॅन्सरच्या रुग्णाचा. ५४ वेळा विचारलं, २२ वेळा उत्तर बरोबर आलं. नुसत्या अंदाजाने सात-आठ वेळाच आलं असतं. शिकवणी चालू असताना एका निरोगी समजलेल्या माणसाच्या नमुन्यापाशी कुत्रे पुन्हा पुन्हा थांबत होते. डॉक्टरांनी त्याला परत तपासलं, तर मूत्रपिंडात कॅन्सर सापडला.

पण हिशेब नीट करा, मैत्रिणींनो. ५४ पैकी ३२ वेळा कुत्रे चुकले. पुढच्या काही अभ्यासांत निकाल खूप चांगले आले, काहींत नाही. कुत्राही थकतो, कंटाळतो. कुत्र्याने खूण केली तरी पक्कं निदान डॉक्टरांनाच करावं लागतं. म्हणून दवाखान्यात ही रोजची तपासणी अजून झालेली नाही. आणि आपला दारातला मोत्या हुंगत नाही, म्हणजे आपल्याला काही नाही, असं तर मुळीच समजू नका.

आता आपल्या जवळचं बघू. १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा हॉस्पिटलने दीड लाख बायकांचा अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांत दहावी शिकलेल्या, प्रशिक्षण घेतलेल्या बायकांनी हाताने स्तन तपासले आणि गर्भाशयाचं तोंड पातळ व्हिनेगर लावून पाहिलं. तिथे गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यूही जवळपास ३० टक्क्यांनी घटले. ना कुत्रा, ना मोठं मशीन. बाईने बाईला तपासलं, एवढंच.

तीस वर्षांवरच्या प्रत्येकीसाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत आहे. आशाताईंना दिवस विचारा. लाज वाटत असेल तर नर्सताई किंवा बाई डॉक्टर कधी असतात तेही विचारा. विचारण्यात काही कमीपणा नाही. स्तनात गाठ, बोंडातून रक्त, अंगावरून लाल जाणं, पाळी गेल्यावर रक्तस्राव, तोंडात न भरणारी जखम, यातलं काही असेल तर तपासणीच्या दिवसाची वाट पाहू नका. लगेच जा.

काकूंबरोबर आम्ही दोघी गेलो. गाठ कॅन्सरचीच निघाली. उपचार सुरू आहेत, डॉक्टरांनी धीर दिला आहे. परवा काकू म्हणाल्या, "दिवाळीतच बोलले असते तर बरं झालं असतं."

पुढच्या बैठकीत हप्त्याच्या वहीत आम्ही एक रकाना वाढवतो आहोत: तपासणी झाली का? तुमच्या गटातही वाढवा. आणि जिला एकटीला जायला भीती वाटते, तिच्याबरोबर कुणीतरी एकीने जा.