तांब्याभर पाण्यात कुंड्या कशा जगवाव्यात?

एप्रिल 2016मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. मांजरा धरण कोरडे पडले होते. 12 एप्रिलला पहिली गाडी 10 वाघिणींतून सुमारे 5 लाख लिटर पाणी घेऊन शहरात पोहोचली. पाण्याचे असे दिवस पाहिलेल्या घरात कुंडीला पाणी घालतानाही हात आखडतो. नांदेडला गोदावरीचा आणि विष्णुपुरीचा आधार आहे, पण ऊन दोन्ही शहरांत सारखेच. मे महिन्यात पारा 42-43 अंशांवर जातो. अशा वेळी उघड्या पृष्ठभागावरून दिवसाला सुमारे 10 मिलिमीटर पाणी उडून जाते, म्हणजे एका चौरस मीटरमागे 10 लिटर!

म्हणूनच उन्हाळ्यात बाग जगते ती किती पाणी घातले यावर नव्हे, तर त्यातले किती मुळांपर्यंत पोहोचले यावर.

दुपारी मान टाकलेले रोप

पानांवर सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून वाफ बाहेर पडते आणि पान थंड राहते. भर दुपारी कोरड्या वाऱ्यात पानांतून जेवढे पाणी जाते, तेवढे मुळांना ओढता येत नाही. मग छिद्रे मिटतात आणि पाने मलूल होतात. हे पाहून अनेक जण दुपारीच पाणी ओततात. माती आधीच ओली असेल, तर मुळांभोवतीची हवा निघून जाते, मुळे गुदमरतात आणि कुजतात. कुजलेली मुळे पाणी ओढत नाहीत, त्यामुळे रोप आणखी सुकते आणि आपण आणखी पाणी घालतो.

यावर साधी परीक्षा आहे. बोट दोन पेरे मातीत खुपसून पाहावे. ओल लागली तर थांबावे. सायंकाळी रोप आपोआप ताठ होते. सकाळीही ते मलूलच असेल आणि माती कोरडी असेल, तर त्याला खरोखर तहान लागली आहे.

पाणी सूर्य वर येण्याआधी, पानांवर न शिंपडता बुंध्याशी, सावकाश घालावे. गच्चीवरच्या टाकीचे आणि उन्हातल्या नळीचे पाणी दुपारी चटका बसेल इतके तापते. ते थेट मुळांवर पडू देऊ नये.

काळी माती आणि तापलेली कुंडी

मराठवाड्याची काळी माती पाणी भरपूर धरते, पण वाळली की आकसते आणि तिला भेगा पडतात. कुंडीत ती कडांपासून सुटते आणि घातलेले पाणी त्या फटीतून थेट खाली निघून जाते. वरून ओली दिसणारी कुंडी आत कोरडीच राहते. त्यामुळे काळ्या मातीत शेणखत आणि थोडी वाळू मिसळलेली बरी. माती सुटलीच असेल, तर फट बुजवून थोडे थोडे पाणी दोन-तीनदा द्यावे.

मातीवर दोन-तीन इंच आच्छादन घातले की बाष्पीभवन बरेच कमी होते. त्यासाठी बाजारात जायला नको. उसाचे पाचट, सोयाबीनचा भुसा, नारळाच्या शेंड्या, वाळलेला पालापाचोळा यांतले काहीही चालते. फक्त खोडाला ते चिकटू देऊ नये.

स्लॅबवर ठेवलेल्या काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत मुळे अक्षरशः भाजतात. कुंड्या विटांवर उचलून एकमेकींना चिकटून ठेवाव्यात आणि पश्चिमेकडून हिरवी जाळी किंवा तुराट्यांचा ताटवा उभा करावा.

मोठी कुंडी किंवा वाफा असेल, तर रंग न दिलेले मातीचे गाडगे गळ्यापर्यंत पुरावे, पाण्याने भरावे आणि तोंड झाकावे. माती कोरडी पडली की ती गाडग्याच्या छिद्रांतून पाणी ओढते. ओली झाली की हा ओढा मंदावतो. चीनमधल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीग्रंथातही ही पद्धत सांगितलेली आहे.

कोणते पाणी चालेल?

डाळ-तांदूळ आणि भाजी धुतलेले पाणी त्याच दिवशी खुशाल वापरावे. कपड्यांच्या पावडरचे पाणी टाळावे. त्यातले सोडियमचे क्षार मातीचा पोत बिघडवतात. कूलरच्या टाकीत उरलेले पाणी फसवे असते. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात, आणि बोअरचे जड पाणी असेल तर ते अधिकच साठतात. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचेही तसेच. कुंडीच्या कडेला पांढरा थर किंवा पानांची टोके करपलेली दिसली, तर असे पाणी बंद करावे.

मे महिन्यात युरिया, छाटणी आणि कुंडी बदलणे हे तिन्ही टाळावे. टोमॅटोची फुले या उष्णतेत गळतात, त्यात माळ्याचा दोष नसतो. जागा असेल तर गवार, भेंडी, चवळी लावावी. मोगरा, सदाफुली, बोगनवेल, कोरफड हे ऊन सोसतात.

घरच्यांची काळजी

कुंडीखालच्या ताटलीत आणि कूलरच्या टाकीत साचलेले पाणी डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासांना पुरेसे असते. अंड्यापासून डास तयार व्हायला उष्ण हवेत आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी कोरडी करावीत. नुसते पाणी ओतून भागत नाही. अंडी कडांना चिकटून महिनोन् महिने कोरडी टिकतात, त्यामुळे कडा घासून काढाव्यात.

बागकाम सकाळीच उरकावे, विशेषतः वयस्कर मंडळींनी. डोके झाकावे आणि तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. अंग तापून कोणी असंबद्ध बोलू लागले, तर तो उष्माघात असू शकतो. त्याला सावलीत नेऊन अंग ओले करावे, वारा घालावा आणि 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

मिरगाचा पाऊस पडला की छाटणी आणि नवी लागवड दोन्ही करता येतील. तोवर नवी फूट, फुले यांची अपेक्षा ठेवू नये. जूनपर्यंत मुळे जिवंत राहिली, तरी उन्हाळ्याचे काम झाले.