स्टेशनच्या माथ्यावरचं आकाश

न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनवर एकेकाळी ५५ मजल्यांचा ऑफिस टॉवर येणार होता. तो आला नाही. पण तो बांधण्याचा जो हक्क होता तो मात्र मेला नाही. कागदावर तो पन्नास वर्षं जिवंत राहिला, त्याचे तुकडे पडले, तुकड्यांचे सौदे झाले आणि त्यातला एक मोठा तुकडा काही गल्ल्या पलीकडे जाऊन एका बँकेच्या मुख्यालयावर चढला. जमीन जागेवर राहिली आणि तिच्यावरचं आकाश हललं! शहरांच्या इतिहासात मला याहून अचंबित करणारी गोष्ट सापडलेली नाही.

या गोष्टीची सुरुवात धुरात आहे. जानेवारी १९०२ मध्ये पार्क ॲव्हेन्यूखालच्या बोगद्यात एक गाडी पुढे थांबलेल्या गाडीवर आदळली. बोगदा वाफेच्या इंजिनांच्या धुराने भरलेला होता, ड्रायव्हरला सिग्नल दिसला नाही. पंधरा माणसं गेली. लोकांचा संताप इतका होता की मॅनहॅटनमध्ये १९०८ पासून वाफेच्या इंजिनांना बंदी घालणारा कायदा आला. रेल्वेचा मुख्य अभियंता विल्यम विल्गस याने या संकटात जे पाहिलं ते विलक्षण होतं. वाफेच्या इंजिनाला डोक्यावर उघडं आभाळ लागतं, विजेच्या इंजिनाला लागत नाही. म्हणजे रूळ जमिनीखाली दोन थरांत घालता येतील, यार्डावर छत टाकता येईल आणि त्या छतावर रस्ते, हॉटेलं, इमारती उभ्या राहतील. जिथे आजवर फक्त धूर जात होता त्या पोकळीचं भाडं येईल आणि नव्या स्टेशनचा खर्च त्यातून निघेल. तसंच झालं. २ फेब्रुवारी १९१३ ला ग्रँड सेंट्रल उघडलं, आणि पार्क ॲव्हेन्यूवरच्या कित्येक भव्य इमारती आजही रुळांच्या मधल्या मोकळ्या जागांत पाय रोवून उभ्या आहेत. फुटपाथवरून चालणाऱ्याला पायाखाली गाड्या धावताहेत याचा पत्ताही लागत नाही.

हवा विकता येते हे असं कळलं. ती मोजायची कशी, हे कळायला आणखी वेळ लागला. १९१५ मध्ये ब्रॉडवेवर इक्विटेबल बिल्डिंग झाली: एक एकरापेक्षा लहान प्लॉट, ३८ मजले, फुटपाथपासून माथ्यापर्यंत सरळ भिंत. शेजारच्यांच्या खिडक्यांतला उजेडच गेला. पुढच्याच वर्षी, १९१६ मध्ये, शहराने इमारतींना वर जाताना टप्प्याटप्प्याने मागे सरायला लावणारा नियम केला. १९६१ मध्ये त्याची जागा एका आकड्याने घेतली. हा आकडा मराठी वाचकाला चांगलाच परिचयाचा आहे: एफएसआय, चटई क्षेत्र निर्देशांक. प्लॉट १,००० चौरस मीटरचा आणि निर्देशांक १५ असेल तर १५,००० चौरस मीटर बांधा. हा हिशेब एकदा मान्य केला की प्रत्येक बुटक्या जुन्या इमारतीच्या डोक्यावर न बांधलेल्या मजल्यांची एक अदृश्य इमारत उभी राहते. तिची किंमत खालच्या खऱ्या इमारतीहून जास्त असू शकते. जुन्या वास्तू पाडल्या जातात त्या बहुतेक वेळा या अदृश्य इमारतीपायी.

१९६३ मध्ये न्यूयॉर्कचं पेन्सिल्व्हेनिया स्टेशन याच कारणाने पाडायला घेतलं. १९१० चं ते स्टेशन, प्राचीन रोमच्या स्नानगृहांसारखी त्याची उंच दालनं. वरची सगळी वास्तू गेली आणि तिथे ऑफिसं व क्रीडागृह आलं. शहर हळहळलं, आणि त्या हळहळीतून १९६५ मध्ये वारसा इमारतींचा कायदा झाला. १९६७ मध्ये ग्रँड सेंट्रलला त्याचं संरक्षण मिळालं.

लगेच १९६८ मध्ये टॉवरचा प्रस्ताव आला. वास्तुविशारद होते मार्सेल ब्रॉयर, विसाव्या शतकातल्या मोठ्या नावांपैकी एक. विकासक रेल्वेला टॉवर झाल्यावर वर्षाला किमान ३० लाख डॉलर द्यायला तयार होता. वारसा आयोगाने नकार दिला आणि रेल्वे कोर्टात गेली. रेल्वेला यात खलनायक ठरवणं सोपं आहे, पण ते न्यायाचं होणार नाही. कंपनी १९७० मध्ये दिवाळखोरीत निघाली. मूळ बांधकामातच पुढेमागे २० मजले चढवण्याची सोय ठेवलेली होती. शहराने आता अचानक सांगितलं की तुमचं आभाळ सगळ्यांचं आहे, पण तोटा तुमचा एकट्याचा.

लोक रस्त्यावर उतरले. अमेरिकेच्या माजी फर्स्ट लेडी जॅकलिन केनेडी ओनॅसिस पुढे आल्या, आणि एप्रिल १९७८ मध्ये सुनावणीच्या आदल्या दिवशी स्टेशनप्रेमींची एक खास रेल्वेगाडी न्यूयॉर्कहून वॉशिंग्टनला गेली. २६ जून १९७८ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी शहराच्या बाजूने निकाल दिला.

हा निकाल मला फार खोल वाटतो. न्यायमूर्ती ब्रेनन यांनी बहुमताच्या वतीने लिहिलं, त्याचा गाभा असा: मालमत्तेचे काप करून ‘माझं आकाश सगळंच काढून घेतलं’ असं म्हणता येणार नाही, मालमत्ता अखंड पाहायची. स्टेशन स्टेशन म्हणून चालवता येतं आहे ना, मग मालकाचं सर्वस्व गेलेलं नाही. पण त्याच निकालात दुसरा धागाही आहे. शहराने १९६८ पासून वारसा इमारतींना न वापरलेला बांधकामाचा हक्क जवळच्या प्लॉटवर हलवायची मुभा दिली होती, आणि तीही रेल्वेचा भार हलका करणारी गोष्ट म्हणून जमेस धरली गेली. म्हणजे तोटा मोजताना आकाश जमिनीला चिकटलेलं, आणि भार हलका करताना तेच आकाश सुटं! विरोधी मत देणारे न्यायमूर्ती रेन्क्विस्ट यांचा प्रश्नही आजवर शिळा झालेला नाही: दहा लाखांहून अधिक इमारतींच्या शहरात चारशेच निवडून त्यांच्यावरच हे ओझं का?

स्टेशन वाचलं. माझ्या मते ते वाचायलाच हवं होतं. उत्तर दिशेला त्याच पार्क ॲव्हेन्यूवर सेंट बार्थोलोम्यू चर्च आहे. त्याच्या विश्वस्तांना १९८० च्या दशकात चर्चशेजारच्या आपल्या इमारतीच्या जागी ऑफिस टॉवर बांधायचा होता. तेही १९९० मध्ये याच निकालाच्या आधारे हरले.

पण हललेल्या आकाशाचं पुढे काय झालं? २०१७ मध्ये शहराने या भागाचे नियम बदलले. वारसा वास्तूंचा शिल्लक हक्क आता शेजारच्याच प्लॉटवर नव्हे तर आसपासच्या बऱ्याच मोठ्या टापूत कुठेही विकता येऊ लागला. २०१८ मध्ये जेपी मॉर्गन चेस बँकेने ग्रँड सेंट्रलचं साडेसहा लाख चौरस फुटांहून जास्त आकाश घेतलं, आणि त्या चर्चकडूनही थोडं घेतलं.

ते ज्या प्लॉटवर उतरायचं होतं, तिथे आधीच एक इमारत होती: २७० पार्क ॲव्हेन्यू, ५२ मजले, ७०७ फूट. ती १९६० च्या सुमारास युनियन कार्बाइडसाठी बांधली गेली. हे नाव भारतीय वाचकाला थबकवतं, मात्र भोपाळच्या दुर्घटनेआधीच कंपनीने ती सोडली होती. तिच्या रचनाकारांत नताली द ब्लुआ होत्या. मोठ्या इमारतींवर स्त्रीचं नाव जवळजवळ दिसत नव्हतं असा तो काळ. खाली विल्गसचे रूळ असल्याने लिफ्टचे खड्डे खोदता येत नव्हते, म्हणून त्यांनी लिफ्टची लॉबी वरच्या मजल्यावर नेली होती. अडचणीतून इतकं देखणं उत्तर क्वचित निघतं. शिवाय बँकेनेच काही वर्षांपूर्वी मोठा खर्च करून तिला पर्यावरणपूरक बनवलं होतं. ती पाडू नका, असं अनेक वास्तुविशारदांनी आणि वारसाप्रेमींनी सांगितलं. इतकं पोलाद आणि काँक्रीट ओतून झाल्यावर साठ वर्षांत ते मोडणं हाच पर्यावरणावरचा घाव आहे, असा त्यांचा मुद्दा होता. बँकेचं म्हणणं, हजारो माणसांच्या आजच्या कामाला ती जुनी पडते. वारसा आयोगाने तिला संरक्षण दिलं नाही. मालकाने स्वतःहून पाडलेली ती तोवरची जगातली सर्वांत उंच इमारत ठरली. नॉर्मन फॉस्टर यांच्या कार्यालयाने रचलेला १,३८८ फुटी टॉवर तिथे उभा राहिला आणि २०२५ मध्ये उघडला. रूळ चुकवत, पंख्यासारख्या पसरलेल्या खांबांवर तो मोजक्याच ठिकाणी जमिनीला टेकतो.

एका जुन्या वास्तूच्या रक्षणातून सुटलेलं आकाश दुसऱ्या जुन्या वास्तूच्या मुळावर आलं. २७० पार्कला संरक्षण न देणं ही माझ्या मते चूक होती. ज्या कायद्याने दगडी स्टेशनचं सौंदर्य ओळखलं, त्याने काच आणि पोलादाचंही ओळखायला हवं होतं.

हाच हिशेब आपल्याकडे टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, या नावाने चालतो. मुंबईत तो १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत आला, आणि १९९५ च्या वारसा नियमांत जुन्या वास्तूंच्या मालकांनाही त्याची वाट मिळाली. रस्ता, बाग, झोपडपट्टी पुनर्वसन यांतून जन्मलेलं आकाश त्या नियमावलीप्रमाणे मुंबई शहरात वापरता येत नव्हतं. ते उपनगरांत उतरायचं. तिथे एक एफएसआयच्या प्लॉटवर टीडीआर लोड होऊन दोन एफएसआयच्या इमारती झाल्या. गल्ल्यांची रुंदी मात्र तीच राहिली.

म्हणून एक विनंती. तुमच्या गावात एखादा वाडा, देऊळ, बाजार वाचवायची चळवळ उभी राहिली तर तिच्यात जरूर सामील व्हा. आणि हरकती-सूचना मागवल्या जातील तेव्हा लेखी विचारा: याचा उरलेला हक्क कोणत्या वॉर्डात, किती रुंदीच्या रस्त्यावर, कोणत्या इमारतीच्या जागी उतरणार आहे?