कारभाऱ्याचें स्थलांतर

एका बलाढ्य संगणकाच्या पोटांत दहा-वीस संगणक स्वतंत्रपणें नांदावे, ही किमया आतां नवलाची राहिलेली नाहीं. या पोटांतील संगणकांस आभासी यंत्रें म्हणतात. तीं ज्याच्या आश्रयानें चालतात त्यास यजमान म्हणूं. यजमानांची संख्या वाढली म्हणजे त्या सर्वांवर एक कारभारी नेमावा लागतो. व्हीएमवेअरचा व्हीसेंटर सर्व्हर हा असाच एक कारभारी. तो पुष्कळ वर्षें विंडोजवर चालत असे. पुढें त्याच्यासाठीं लिनक्सच्या पायावर निराळें घर तयार झालें, आणि २०२० सालीं आलेल्या सातव्या आवृत्तींत विंडोजची वाट अजिबात बंद झाली. तेव्हां जुन्या कारभाऱ्यांस बिऱ्हाड हलविणें भागच पडलें.

कारभारी घटकाभर दूर झाला म्हणून यजमान थांबत नाहींत. रुग्णालयाच्या नोंदी, पेढीचे हिशेब चालूच राहतात. एखादा यजमान कोसळल्यास त्याचीं यंत्रें दुसऱ्याकडे पुन्हां उभीं करण्याची व्यवस्था आधीं केलेली असली, तर तीही जागी असते. मात्र चालतें यंत्र न थांबवितां हलविणें किंवा भार आपोआप वांटणें तेवढा वेळ साधत नाहीं.

रीत अशी होती : जुन्या विंडोज यंत्रावर एक साहाय्यक प्रोग्राम सुरू करीत, काम संपेपर्यंत त्याची खिडकी मिटावयाची नसे. नवें यंत्र तात्पुरता पत्ता देऊन उभें करीत, व जुन्याचें सारें दफ्तर त्यांत उतरवीत. गतकाळच्या घडामोडी व कार्यमापनाचे आंकडेही नेतां येत. पण त्या हव्यासापायीं कारभार अधिक वेळ बंद राही, आणि ते आंकडे पुढें कोणी फारसे पाहतही नसे!

खरा नाजूक क्षण यापुढचा. जुनें यंत्र बंद होई आणि नवें त्याचेंच नांव व पत्ता धारण करी. कारण इतर साऱ्या प्रणाली कारभाऱ्यास त्याच खुणेनें ओळखत. दोघे एकाच वेळीं जागे राहिले तर एका पत्त्यावर दोन दावेदार उभे राहावयाचे. तरीही जुनें यंत्र पुसण्याची घाई शहाणा व्यवस्थापक करीत नसे. नवें बिघडल्यास तें बंद करून जुनें पुन्हां चालू करणें हीच परतीची वाट होती.

क्रमही महत्त्वाचा : आधीं कारभारी, मागून यजमान. सातव्या आवृत्तीचा कारभारी ६.५ पूर्वींच्या यजमानांस ओळखतच नाहीं.

आणखी एक फसगत होई. विंडोजच्या स्थानिक खात्यांस दिलेले अधिकार नव्या घरीं येत नसत. रात्रभर जागून काम फत्ते करणारा मनुष्य सकाळीं नेहमींच्या खात्यानें आंत शिरूं पाही, तों दार बंद! मग ज्या मूळ प्रशासक-खात्याच्या परवलीवर स्थलांतर पार पडलें, तेंच काय तें हातीं उरे.