एक व्यक्ती, अनेक गट : नोंदींची मांडणी आणि गावाचे संघटन

भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यातील एकोडीसारख्या धानउत्पादक गावात एकच स्त्री बचत गटाची सदस्य, ग्रामसंघातील प्रतिनिधी आणि शाळा व्यवस्थापन समितीची सभासद अशा तीन नात्यांनी वावरू शकते. कागदी वह्यांत मात्र ती तीन ठिकाणी वेगवेगळी लिहिली जाते. कुठे माहेरचे आडनाव, कुठे सासरचे, कुठे जुना मोबाइल क्रमांक अशी तफावत पडते आणि एका वहीतील दुरुस्ती दुसरीपर्यंत पोहोचत नाही.

माणसांची गटवार नोंद ठेवण्याचा हा प्रश्न चर्चच्या व्यवस्थापनासाठी तयार झालेल्या संगणकप्रणालींनी चांगल्या रीतीने हाताळला आहे. ‘चर्चसीआरएम’ या मुक्तस्रोत प्रणालीत, म्हणजे जिची मूळ आज्ञावली कोणालाही पाहता व बदलता येते अशा प्रणालीत, व्यक्ती, कुटुंब आणि गट या तीन नोंदी स्वतंत्र असतात. गायकवृंद, रविवारची शाळा किंवा तरुण संघ यांपैकी कोणत्याही गटात तीच व्यक्ती जोडता येते, आणि तिची भूमिका त्या त्या गटापुरती नोंदवली जाते. शिक्षक किंवा विद्यार्थी असणे हा व्यक्तीचा कायमचा गुण नसून व्यक्ती व गट यांच्यातील संबंधाचा गुण आहे, हे या मांडणीचे मर्म होय.

महाराष्ट्रातील महिला संघटनाला हेच तत्त्व लागू पडते. नाबार्डने, म्हणजे राष्ट्रीय कृषी आणि ग्रामीण विकास बँकेने, 1992 मध्ये बचत गटांना बँकांशी जोडण्याचा उपक्रम सुरू केला. पुढे राज्यात 2011 मध्ये ‘उमेद’, अर्थात महाराष्ट्र राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान, स्थापन झाले. या रचनेत साधारणपणे 10 ते 20 महिलांचा एक गट, गावातील गटांचा ग्रामसंघ आणि अनेक ग्रामसंघांचा प्रभागसंघ अशा पायऱ्या असतात. या तिन्ही पातळ्यांवरील माहिती व व्यवहार नोंदवण्यासाठी ‘लोकओएस’ हे राष्ट्रीय पातळीवरील अ‍ॅप वापरात आले आहे. गटाची सचिव बदलली, तर जुन्या सचिवाचे सदस्यत्व, बचत आणि कर्जाचा हिशेब अबाधित राहून केवळ तिची भूमिका बदलली पाहिजे; भूमिका व्यक्तीपासून वेगळी ठेवण्याचे महत्त्व येथे स्पष्ट होते.

तथापि, नोंद म्हणजे गट नव्हे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, वेळेवर परतफेड आणि अद्ययावत हिशेब या पंचसूत्रीतील शेवटचे सूत्रच संगणक सुकर करतो. धानाच्या रोवणीच्या दिवसांत शेतातून थकून आलेल्या महिलांना बैठकीस एकत्र आणणारा विश्वास त्यांना परस्परांतच निर्माण करावा लागतो. शिवाय बँक खाते, कर्ज आणि कुटुंबाची स्थिती ही माहिती नाजूक असल्याने ती कोणी पाहावी, याची मर्यादा भूमिकेनुसार ठरवणे आवश्यक आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023 यानेही अशा माहितीच्या वापराला सांगितलेल्या हेतूची चौकट घातली आहे. मात्र गटातील बचत व कर्जाचा हिशेब सर्व सदस्यांचा सामायिक असतो; म्हणून मोबाइलवर भरलेली ही नोंद बैठकीत सर्व सदस्यांसमोर मोठ्याने वाचली जावी आणि अक्षरओळख नसलेल्या सदस्येलाही स्वतःच्या नावापुढील आकडा ऐकून तपासता यावा. तेव्हाच ती नोंद खऱ्या अर्थाने गटाची ठरते.